वळणावरचा वजनकाटा

नाव नको. नाव सांगू नकोस म्हटलं ना, रिझवान — गावही नको, मालक कुणाचा कोण तेही नको. दर रविवारी येतोस माझ्याकडे, आणि एवढंही डोक्यात शिरलं नाही? धंदा सांगायचा, नाव झाकून ठेवायचं, हा आपला नियम आहे. का आहे? कारण नाव कळलं की माणूस आंधळा होतो. ‘सर, ते आमच्या मामांचे शेजारी आहेत हो’ — झालं, मूल्यांकन संपलं, सोयरीक सुरू. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, ती मी पंकजाबाईंसाठी ठेवलीय — त्या तशाही कुठं टेकतात, अर्ध्या तासात घरून फोन येतो त्यांना.

हं. आता नीट सांग. धंदा घेतलास? शेअर नाही, अख्खा धंदा? उद्या सही? मला हसू येतंय. तुला नाही रे हसत, बाकीच्यांना हसतोय. इतकी वर्षं या सावेडीच्या हॉलमध्ये शेअरबाजार शिकवत घसा फोडतोय मी — धंदा बघा, मालक बघा, मग भाव बघा — आणि समोर कोण बसलंय? दातांचे डॉक्टर, एमआयडीसीतले इंजिनियर, सोसायटीचे सेक्रेटरी. ताळेबंद दाखवला की नंदीबैलासारख्या माना हलवतात आणि जिन्यात पोचले की मोबाईल काढून टिप बघतात. पी हळद अन् हो गोरी. तो डॉक्टर वैजनाथ — फी भरून तिसऱ्यांदा बसलाय, तिसऱ्यांदा, आणि गेल्या रविवारी मला विचारतो, ‘सर, सोमवारी काय वाढेल?’ म्हटलं, तुमचं ब्लडप्रेशर. वहीत लिहून घ्यायला निघाला होता तो. असल्या लोकांना मी शिकवतो. पण तू घेतलास. एक तरी निघाला. बोल, तपासतो मी, मग मालकाला आणखी किती दाबता आलं असतं तेही सांगतो.

वजनकाटा. रस्त्यावरचा — बरं. गाडी येते, काट्यावर उभी राहते, चिठ्ठी घेते, जाते. उधारी फारशी नाही, माल सडत नाही. साधा धंदा, मला साधे धंदे आवडतात. गिऱ्हाईक? उसाचे ट्रॅक्टर, कांद्याच्या गाड्या. जवळ दुसरा काटा आहे? आहे — नवा, कॉम्प्युटरचा, पैसेही कमी घेतो — आणि तरी लोक वळसा घालून याच्याकडेच येतात? का येतात, ते विचारलंस का? … काटा मारत नाही. बस, एवढंच? अरे, एवढंच नाही, हेच! हाच खंदक. आपल्या भुईकोट किल्ल्याभोवती आहे ना, तसा — दुसरा धंदेवाला ओलांडून आत येऊच शकत नाही. व्यापाऱ्याशी वजनावरून वाद झाला की दोघंही म्हणतात, चल त्याच्या काट्यावर — हे विकत मिळत नाही कुठं, एका माणसाचं सगळं आयुष्य जातं ते कमवायला. आणि तुझ्या त्या मालकाला हे ठाऊकच नसणार. असल्या माणसांना आपण काय कमावलंय याचा पत्ताच नसतो.

मालकाचं वय झालंय, गुडघे गेलेत, मूलबाळ नाही. म्हणजे विकणारा अगदी ऑर्डर देऊन बनवल्यासारखा. जागा? त्याचीच. वळणावर. रस्ता रुंद होणार आहे आणि पेट्रोल पंपवाले शेजारचं शेत बघून गेलेत — हे त्याला माहीत आहे? नाही. आणि तू सांगितलं नाहीस. शाब्बास. मान खाली कशाला घालतोस? विकणाऱ्याला त्याच्या मालाची किंमत सांगणं हे घेणाऱ्याचं काम नाही. त्यानं चौकशी करायची होती. तालुक्याला जायचं होतं, चार जणांना विचारायचं होतं. नाही विचारलं, तर भोग.

आता आकडा नको, नुसतं सांग, हिशेब कसा धरला त्यानं. … परत बोल. जागेचे सरकारी दरानं. आणि काट्याचे — लोखंडाच्या भावानं? भंगारात? म्हणजे धंद्याचे काहीच नाही, नावाचे नाही, वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाही? आणि हे तू नाही सुचवलंस, तोच म्हणाला? गाढवसुद्धा इतकं गाढव नसतं रे. कुणी भरवलं हे त्याच्या डोक्यात?

भावानं. शिकलेल्या भावानं. बघ, हेच ते. प्रत्येक घरात एक असला उंटावरचा शहाणा असतो. सणाला येतो, आयतं जेवतो, आणि हात धुता धुता दुसऱ्याच्या धंद्याची किंमत सांगून जातो. स्वतः कधी एक गाडी मोजलेली नसते. आणि घरचे भोळे, त्यांना वाटतं, शिकलाय, खरंच असेल. असला भाऊ असण्यापेक्षा — काय म्हणाला होता तो भाऊ? अगदी काय शब्द?

‘भंगारवाल्याला विचार, तो सांगेल तीच तुझ्या काट्याची किंमत.’

… थांब जरा.

नाही, काही नाही. असं कुणीही म्हणतं. मीही म्हणालोय. म्हणजे आमच्या धाकट्याला, आमोसला — त्याचाही काटा आहे, वडिलांचा. अर्धा मला देत होता, मी म्हटलं, ठेव तुझं गंजकं तुलाच. नाताळात, सगळे जेवायला बसले होते, माझे व्याही होते, त्यांनी विचारलं, तुमचे बंधू काय करतात? आता त्यांना काय सांगू, पत्र्याच्या खोलीत बसून चिठ्ठ्या फाडतो म्हणून? त्यांचा मुलगा अमेरिकेत. तर मी आपलं हसण्यावारी नेलं, म्हटलं, हा लोखंड सांभाळतो, भंगारवाल्याला — सगळे हसले. तोही हसला. ‘दादा, तुमी म्हनता तर आसंल.’ गंमत होती ती. जेवतानाची गंमत कुणी मनावर घेतं का? आणि काटे काय, जिल्ह्यात ढीगभर आहेत. तुझा कुठला?

कळतंय मला, नियम आहे. माझाच आहे. सांग आता.

सोनईच्या अलीकडचा.

आमोसचा.

तुला कधी कळलं? काल, कागदावर आडनाव बघितल्यावर. म्हणून आलास. मग इतका वेळ मला बोलू का दिलंस? त्याला गाढव म्हणालो मी — तू तसाच बसलास, तोंड उघडायला काय झालं होतं? … मीच नाव नको म्हणालो. व्हय. मीच म्हणालो.

आणि आता काय, मी सोड म्हणायचं? म्हटलं तर मागे घेशील? वा. आत्ता पंकजाबाई येतील, तो वैजनाथ येईल, आणि मी त्यांना काय सांगू? की एकच पोरगा शिकला आणि त्याला मी म्हटलं, सोड रे, मालक माझा भाऊ आहे? मग ‘मामांचे शेजारी’ म्हणणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? तुझं काही चुकलेलं नाही. एक अक्षर चुकलेलं नाही. मी शिकवलं तसं केलंस तू. हेच मला सहन होत नाहीये.

त्याला ठाऊक आहे, तू माझ्याकडे शिकतोस? … सांगितलंस, कालच. मग? रागावला? … काय म्हणालास?

आणखी पैसे कमी केले. दादाचा विद्यार्थी म्हणून.

आणि चहा पाजला. ‘दादानं धाडलंय म्हंजी मानूस चांगलाच आसनार.’ मी कुठं धाडलं होतं? मला त्याचे गुडघे गेलेत हेही तुझ्याकडून कळतंय.

नंबर आहे त्याचा? दे. माझ्याकडं होता, फोन बदलला त्यात गेला — तोच करायचा दर रविवारी, मी कशाला करतोय. मग त्यानंही सोडलं. बोल, हळू बोल. … पंपवाल्याचं सांगणार आहे मी त्याला. वळसा घालून लोक का येतात तेही सांगणार. तुझा सौदा जाईल. जाऊ दे. तुला काय शिव्या द्यायच्यात त्या दे मला, वर्गात सगळ्यांसमोर दे — पण आत्ता नको.

रिंग जातेय. तू जा. जिन्यातही थांबू नकोस, पार खाली जा, आणि ते लोक आले तर त्यांना घालव — आज तास नाही. उठ ना. तुझ्यादेखत मला बोलता यायचं नाही.