समुद्राकडे पाठ असलेली खोली

तिकीटवाली : काका, पुन्हा विचारते. समुद्राकडे पाठ असलेली खोली कोणी मागतं का? बेटावर जायचं ते समुद्र बघायलाच ना?

शिंपी : मला वारा बाधतो.

तिकीटवाली : मग ही घ्या, काचबंद आहे. अंथरुणात लोळत सूर्योदय बघा. मागच्या खोलीतून काय दिसणार? धोबीखाना! वाळत घातलेल्या चादरी!

शिंपीण : तेच बघायचंय.

शिंपी : म्हणजे, हिला चादरींची भारी हौस. आमचा धंदाच कापडाचा. शिंपी ना आम्ही.

तिकीटवाली : गंमतच आहे तुमची. लग्नाचा वाढदिवस म्हणालात ना? कितवा?

शिंपी : तिसावा.

शिंपीण : अठ्ठाविसावा.

तिकीटवाली : आधी आपसांत ठरवून तरी या!

शिंपी : माझं माप नेहमी जरा सैलच असतं.

तिकीटवाली : असू दे. तीन रात्रींचं पॅकेज आहे. उतरल्या उतरल्या गळ्यात फुलं, हातात नारळपाणी, संध्याकाळी वाळूत गाणी. काकू, हसा की जरा. फिरायला चाललाय, कुणाला पोचवायला नाही.

शिंपीण : कामाची माणसं कुठं झोपतात?

तिकीटवाली : कोण?

शिंपीण : झाडणारी, चादरी धुणारी, पडदे शिवणारी. रात्री त्यांच्या खोलीला कुलूप कुठून असतं? आतून की बाहेरून?

तिकीटवाली : असलं कोणी विचारत नाही, काकू.

शिंपीण : म्हणूनच बाहेरून असतं.

शिंपी : अगं, ठरलं होतं ना आपलं, मी बोलायचं म्हणून.

शिंपीण : तुम्ही बोलताय म्हणूनच अजून सूर्योदयात अडकलोय. बाई, सरळ सांगते. आमची पोरगी तिथं आहे. शिवणखोलीत. करार सरला तरी सोडत नाहीत. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. फोन करायची तेव्हा शेजारी कोणीतरी उभं. ‘मी मजेत आहे, मी मजेत आहे,’ नुसती पोपटपंची. शेवटच्या वेळी एवढंच म्हणाली, ‘बाबा, मला न्या.’ फोन तुटला. तेव्हापासून तो नंबरच लागत नाही.

तिकीटवाली : पोलिसांत गेलात का?

शिंपी : गेलो होतो. साहेब म्हणाले, पोरगी सज्ञान आहे, बेटावर नोकरी करते, तुमच्या पोटात का दुखतंय? आम्हालाच तिथं नोकरीला चिकटवा म्हणाले.

शिंपीण : साहेब हसले. आणि हे त्यांच्याबरोबर हसले.

शिंपी : रडलो असतो तर बाहेर काढलं असतं, बाई. हसलो म्हणून निदान खुर्चीवर बसू दिलं.

तिकीटवाली : वाईट वाटतंय हो मला. पण माझ्या हातात काय आहे? त्या हॉटेलचं इथलं सगळं बुकिंग माझ्याकडून होतं. मी फक्त तिकीट काढून देते.

शिंपीण : सुरीला धार लावणाराही हेच म्हणतो. आमच्या रिळीचं तिकीट याच टेबलावर निघालं.

तिकीटवाली : कोणाचं?

शिंपी : घरात रीळ म्हणतो तिला. लहानपणी दोऱ्याच्या रिळासारखी घरंगळत मशीनखाली जाऊन बसायची. तुम्ही तिला खिडकीची जागा दिली होती. दुकानात येऊन किती कौतुकानं सांगितलं, ‘बाबा, त्या ताई फार चांगल्या आहेत.’

तिकीटवाली : मी रोज कितीतरी जणांना खिडकी देते, काका.

शिंपीण : मग आणखी एक द्या. मागची. आणि हात झटका.

तिकीटवाली : आणि पुढं काय? कुंपणावरून उचलून आणणार? चहूकडे पाणी आहे. हॉटेलच्या बोटीशिवाय दुसरी बोट नाही.

शिंपीण : पोहून आणीन.

शिंपी : हिला पोहता येत नाही.

शिंपीण : तर बुडेन! रोज उंबऱ्यावर बसून वाळण्यापेक्षा बुडलेलं काय वाईट?

तिकीटवाली : हळू. बाहेर लोक बसलेत. काका, तेवढं दार ओढून घ्या.

(दार लागतं. बाहेरची गडबड थांबते.)

तिकीटवाली : मागची खोली मागू नका. मागितलीत, की तुम्ही बोटीत पाय ठेवायच्या आधी त्यांना वास येईल. समुद्राकडचीच घ्या. फोटो काढा, फुलं घाला. सारखी कुरकुर करा. पाहुणे फार कुरकुरतात.

शिंपी : त्याची काळजी नको. ही आहे.

तिकीटवाली : आणि पोचलात की पडदा फाडा.

शिंपी : काय?

तिकीटवाली : खोलीतला पडदा. फाटलाय म्हणून कळवा. शिवायला शिवणखोलीतली पोरगी वर येते. मी राहिलेय तिथं, हॉटेलचीच पाहुणी म्हणून. माझ्याकडे आली होती अशीच एक. मान वर केली नाही तिनं. मीही कुठं बोलले.

शिंपी : उभा जन्म जोडण्यात गेला, बाई. आता फाडू?

शिंपीण : मी फाडते. माझे हात शिवशिवतायत.

शिंपी : दुसरीच कोणी आली तर?

शिंपीण : खोलीला एकच पडदा असतो का?

तिकीटवाली : दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पाहुण्यांना पलीकडच्या शहरात खरेदीला नेते. आपल्या देशाची वकिलात त्याच शहरात आहे. तिथं तिला पासपोर्टशिवाय घरी यायचा कागद मिळू शकतो. पण पाहुण्यांच्या मनगटावर हॉटेलची कापडी पट्टी असते. बोटवाला पट्टी बघतो, तोंड बघत नाही.

शिंपीण : माझी पट्टी तिला.

तिकीटवाली : ती मनगटावरच शिवून टाकतात. कापल्याशिवाय निघत नाही.

शिंपी : कापड कसलं असतं?

तिकीटवाली : जाडसर, विणलेलं. निळं.

शिंपी : मग कापा खुशाल. रफू मी करतो. हात फिरवून बघितलं तरी कळायचं नाही.

तिकीटवाली : आणि काकू, तुम्ही? पट्टी गेली म्हणजे तुम्ही बेटावरच अडकलात.

शिंपीण : राहते की. नारळपाणी पिते.

तिकीटवाली : थट्टा नाही ही. पोरगी गायब झालेली कळली की पहिली तुमची खोली उघडतील.

शिंपीण : उघडू देत. काय करतील? धुण्याला जुंपतील? तीस वर्षं तेच करतेय.

शिंपी : अठ्ठावीस.

शिंपीण : हो. अठ्ठावीस.

शिंपी : मी थांबतो, तू जा तिच्याबरोबर.

शिंपीण : खुळे आहात का? वकिलातीत साहेब असणार. मी तोंड उघडलं की भांडण. तुम्ही हसा, खुर्ची मिळवा. आणि वाटेत पट्टीचा टाका निघाला तर घालणार कोण? मी? माझं रफू लांबूनच ओरडतं.

तिकीटवाली : तिला गणवेशात नेऊ नका. पाहुण्या घालतात तसला फुलाफुलांचा झगा लागेल.

शिंपीण : आजच कापायला घेऊ. तिचं माप मला पाठ आहे.

शिंपी : ते माप नको.

शिंपीण : का? मागचे सगळे झगे त्याच मापाचे होते.

शिंपी : मागं वळून बघ. भिंतीवर.

तिकीटवाली : ते होय? त्या हॉटेलचं पोस्टर. नवीनच आलंय. ‘हसऱ्या चेहऱ्यांचं बेट.’

शिंपी : दुसऱ्या ओळीत, कडेची. आपली रीळ. आत आल्यापासून तिच्याकडेच बघतोय मी. तुला सांगायचा धीर होईना. गणवेश कमरेत दोन्हीकडून खोल आत घेतलाय. एकदा नाही, दोनदा. पहिल्या टाक्यांची भोकं दिसतायत बघ. आणि बाह्यांना खाली जोड दिलाय. मनगटं झाकायला.

तिकीटवाली : काकू, पाणी देऊ?

शिंपीण : नको. जोड तिनंच दिलाय का हो?

शिंपी : तिनंच. टाका माझा आहे. मीच शिकवलेला.

शिंपीण : मग तुमच्या नजरेच्या मापानं कापा.

शिंपी : कापतो.

शिंपीण : पण शिवणीत कापड सोडा. दोन्हीकडं. भरपूर.

तिकीटवाली : कशाला, काकू? बोटीपुरता तर घालायचा.

शिंपीण : घरी आल्यावर उसवावा लागेल.