ढग बनवणारी चिमणी

हॅलो?… हां दादा, संगीच बोलतेय. कुठवर आलास?

…

काय? ओव्हरटाइम?… अरे, रविवारीपण सोडत नाही तुझी वापीची कंपनी?… बरं. बरं बाबा. नाही रागावले.

मी? मी कधीच पोचले. धाकट्या डहाणूला, खाडीच्या काठावर बसलेय. समोरच आहे चिमणी… अरे तीच! आपल्या वेवजीच्या टेकडीवरून दिसायची ती. आईची.

…

छे, आत कोण सोडतंय! गेटवर वॉचमन म्हणाला, कुणाला भेटायचंय? काय सांगू त्याला?… हसू नकोस. आई तिथं ढग बनवायला गेलीय, असं बाबाच सांगायचे ना?

हो, हो… कळतं रे मला. सव्वीस वर्षांची घोडी झालेय. वीज बनते इथं. पण मोठे झालो की दोघं जाऊ, असं ठरलं होतं ना आपलं? आईला आवडतात म्हणून ताडगोळे न्यायचे… हो, आणलेत. पिशवीत गरम झाले. एकटीला नाही खाववत.

आणि ऐक ना, इथून टोकच दिसत नाही. वर बघितलं की डोळ्यांत ऊन जातं. टेकडीवरून कशी जवळ वाटायची!… हॅलो? ऐकतोयस ना? इथं एक मावशी बोंबील सुकवतायत, त्या कधीच्या बघतायत माझ्याकडे. म्हणजे… मी हात हलवला रे. सवयीनं. रोज संध्याकाळी हलवायचो तसा. आधी तू, मग मी.

…

काय म्हणालास?… तुला माहीत होतं? कधीपासून?

…

पहिल्या दिवसापासून?… तू मसणात गेला होतास? बाबांबरोबर?… आठ वर्षांचा होतास रे तू! मग मला का नाही…

हं. बाबांनी शपथ घातली.

थांब, ठेवू नकोस. मग माझ्याआधी टेकडीवर पळत कोण जायचं? ‘आईनं बघितलं, आईनं बघितलं’ म्हणून ओरडायचं कोण? एवढी वर्षं तू एकटाच… दादा, तू कुणाला हात हलवायचास रे?

…

बोल ना… हॅलो?… दादा?… हॅलो?

…

नाही हो मावशी, कट झाला… भाऊ होता. यायचा होता… घ्या ना, ताडगोळे घ्या. जास्तच आणलेत मी.