पंधरातले तीन

योगिनी : काका, पुन्हा तेच! पंधरातले तीन स्विच खराब दाखवतंय.

सोमनाथ : मग तुमचं यंत्रच खराब असंल, ताई. सव्वीस वर्षं अंबडच्या या कारखान्यात स्विच जोडतोय. माझ्या हातचा एक माघारी आला नाय.

योगिनी : म्हणूनच तर तुमच्याकडून जोडून घेतले ना! पंधराच्या पंधरा पास व्हायला हवे होते.

सोमनाथ : पण न उघडता आतलं कळतंय कसं?

योगिनी : वीज सोडायची. आतले चांदीचे ठिपके नीट टेकले की ती सरळ जाते, मध्ये काही आलं की अडते. माझी फिजिक्सची चार वर्षांची पीएचडी यावरच आहे. गाइड म्हणतात, कॉलेजात शिकव. मला कारखान्यातच यायचंय. उद्या इथल्या मॅनेजरांना, राकेश सरांना, हे यंत्र पटलं तर इथेच नोकरी. आणि आज हे!

सोमनाथ : रडू नका हो. एक उघडून बघू.

योगिनी : सात नंबर उघडा.

सोमनाथ : अरे देवा.

योगिनी : हे लाल काय आहे?

सोमनाथ : कुंकू हाय.

योगिनी : स्विचमध्ये?

सोमनाथ : गेल्या आठवड्यात खंडेनवमीला समद्या मशिनींची पूजा केली. तुमच्या ठिपक्यांचा ट्रे पुढंच व्हता. म्हटलं, पोरीची परीक्षा हाय, तिच्या वस्तूलाबी कुंकू लागू द्या. तिघांना लावलं. मग फडक्यानं चांगलं पुसलं की! जोडताना मला तर काय दिसलं नाय.

योगिनी : तिघांना? बाकीचे दोन उघडा. लवकर!

(दोन्ही स्विच उघडतात. दोन्हींत कुंकवाचे कण.)

सोमनाथ : चुकलं, ताई. साहेबांना मीच सांगतो, माझ्यामुळं झालं म्हणून. तुमची नोकरी जायला नको.

योगिनी : जाते कुठली! तुम्हाला दिसलं नाही, मला माहीत नव्हतं, आणि यंत्रानं नेमके तेच तीन पकडले. अशी परीक्षा मला चार वर्षांत सुचली नाही, काका!

सोमनाथ : म्हंजी पास?

योगिनी : पास! आणि तुमचे बाकीचे बारासुद्धा.

सोमनाथ : ते मी कवाचं सांगतोय.

योगिनी : प्रबंधात तुमचं नाव घालणार आहे मी.

सोमनाथ : मग वडलांच्या नावासकट घाला. सोमनाथ चिमाजी. घरी बायकोला, मालनला दाखवीन. आन् ताई, उद्या साहेब यायच्या आधी यंत्राला जरा कुंकू लावू का?

योगिनी : लावा की. फक्त बाहेरून.