नाव बदलले, गाव तसेच ठेवले

प्रश्न आधी नीट मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, नवी मुले मला विचारतात की बाई, तरुण संघात घ्यायचे धडे, खेळ, गाणी, गोष्टी सगळे इंटरनेटवर तयार मिळते, मग त्यातल्या खऱ्या गोष्टी तेवढ्या तुम्ही आम्हाला का वाचू देत नाही. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात मावत नाही, कारण त्यात एक मुलगी आहे, तिचा बाप आहे, आणि माझा राग आहे, जो इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही.

मी सुमती साळवे. आमचे मूळ जालन्याकडचे. वडील मध्य प्रदेशात देवासला कातड्याच्या कारखान्यात लागले, त्यांच्यामागे आई आली, आईच्या मागे तिचे गीतांचे पुस्तक आणि आम्ही भावंडे आलो. घरात प्रार्थना मराठीत, शाळा हिंदीत, गल्लीत माळवी, त्यामुळे देवाशी एक भाषा, मास्तरांशी दुसरी आणि भांडायला तिसरी, अशी आमची सोय होती. मी जवळच्या हाटपिपल्याच्या सरकारी शाळेत गणित शिकवले. गणिताच्या बाईला एक सवय लागते, ती म्हणजे उत्तर बरोबर असले तरी रीत पाहायची. ही सवय मला मंडळीत फार महाग पडली, पण ते पुढे येईल.

तरुण संघाचे काम माझ्याकडे नव्वदच्या दशकात आले. तेव्हा साधन म्हणून काय होते, काय सांगू तुम्हाला, एक फळा, एक ढोलक, आणि मिशनच्या काळातली चित्रे, ज्यांत पेत्राची दाढी उंदरांनी खाल्ली होती. मुले येत, गात, आणि माझ्या धड्याला जांभया देत. म्हणून देवासात पहिला सायबर कॅफे निघाला तेव्हा तिथे जाऊन बसणारी आमच्या मंडळीतली पहिली बाई मीच, हे आधी लिहून घ्या, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला यंत्राचा द्वेष आहे. द्वेष मुळीच नाही. संकोची मुलांना बोलते करण्याचे खेळ मला तिथे मिळाले, पौलाच्या प्रवासाचे नकाशे मिळाले. फजितीही झाली. एकदा हिंदी धडा छापून आणला तर त्यावर सगळे कंस, प्रश्नचिन्हे आणि तुटकी इंग्रजी अक्षरे, कारण कॅफेत तो फॉन्टच नव्हता. आमचे पाळक चष्मा पुसून म्हणाले, बाई, ही कोणत्या भाषेतली सुवार्ता आणलीत. मी म्हटले, पेंटेकॉस्टच्या दिवशी कळेल, त्या दिवशी शिष्यांना नाना भाषा बोलता आल्या होत्या ना. तर असे आमचे बरे चालले होते.

पुढे आमच्या मध्यवर्ती समितीने स्वतःचीच वेबसाइट काढली, आमच्यासारख्या तरुणांत काम करणाऱ्या लोकांसाठी. दर आठवड्याचा धडा, त्याला जोडून खेळ, आणि शेवटी एक सच्ची कहानी. काम पाहायला इंदूरचे विजय भिया होते, तिकडे भैयाला भिया म्हणतात. घर मराठी, पण मराठी वाचायची म्हटली की अडखळायचे; माणूस हसरा, कष्टाळू, खांद्याला कॅमेरा आणि खिशात छोटा रेकॉर्डर. सरदारपूरला धार जिल्ह्यातल्या मुलामुलींचे शिबिर झाले, त्यात त्यांनी बऱ्याच जणांच्या साक्षी टिपून घेतल्या. आमच्यात साक्ष देणे म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते उभे राहून चारचौघांत सांगणे. चारचौघांत, हा शब्द महत्त्वाचा. ऐकणारे तुम्हाला ओळखत असतात, तुम्ही रडलात तर पाणी देतात, आणि तुम्ही वाढवून सांगितलेत तर मागून कोणीतरी खाकरते.

त्या शिबिरात सविता होती. सरदारपूरजवळच्या एका खेड्यातली, वडील शेतमजूर, आई गेलेली. शिबिरानंतर ती नर्सिंग शिकायला देवासला आली आणि आमच्या संघात येऊ लागली. आमच्याकडे आधीच एक सविता होती, म्हणून हिला मुली सरदारपूरवाली म्हणत. मी तिला शिकवणीला बसवी. अपूर्णांकाला घाबरायची, पण औषधाचे माप अपूर्णांकातच असते हे सांगितल्यावर नेट लावून शिकली.

एका रविवारी विजय भिया स्वतः आले, तयार धडा कसा घ्यावा हे दाखवायला. छापलेले कागद त्यांनी तिथेच वाटले आणि म्हणाले, एकेकाने एकेक परिच्छेद वाचा. वाचन फिरत फिरत सच्ची कहानीवर आले, तेव्हा पाळी सविताची होती. ती वाचू लागली की सरदारपूरजवळच्या अमुक गावात, गावाचे नाव सरळ छापलेले, रोशनी नावाची मुलगी राहते, तिचा बाप दारू पिऊन तिच्या आईला मारत असे, आईच्या पायातली चांदीची कडी त्याने दारूसाठी विकली. इथे ती थांबली. मला वाटले शब्द अडला. ती म्हणाली, भिया, ये तो मेरा गाँव है. आणि विजय भिया, ज्यांनी स्वतःच्या हाताने रेकॉर्डर तिच्या तोंडासमोर धरला होता, ते हसून म्हणाले, अरे वा, फिर तो आप रोशनी को जानती होंगी.

जानती हूँ, ती म्हणाली, आणि कागद शेजारच्या मुलीच्या मांडीवर ठेवून खाली बसली.

खोलीतल्या प्रत्येकाला कळले होते, एक विजय भिया सोडून. त्या गावात ख्रिस्ती घर एकच, हे आम्ही सगळे जाणत होतो.

चहाच्या वेळी मी त्यांना बाजूला घेतले. त्यांनी कागदाची शेवटची ओळ दाखवली, नाम बदल दिया गया है. म्हणाले, बाई, नाव बदललंय ना, नियम पाळलाय आपण. मी म्हटले, भिया, आपल्याकडे माणूस नावावरून ओळखतात का हो? कुठली, कोणाची, एवढे विचारले की माणूस सापडतो. तुम्ही कुठली ते ठेवलेत, कोणाची ते ठेवलेत, आणि जे कोणी विचारतच नाही ते तेवढे बदललेत. ते म्हणाले, गावाचं नाव असलं की गोष्ट खरी वाटते. ऐकलेत? खरी वाटावी म्हणून.

मी विचारले, छापण्याआधी तिला वाचून दाखवलेत? कोर्टातसुद्धा साक्षीदाराचा जबाब त्याला वाचून दाखवतात, मग सही घेतात. ते म्हणाले, बाई, प्रभूचं काम आहे, कोर्ट थोडंच आहे. म्हणजे प्रभूच्या कामात कोर्टापेक्षा कमी काळजी चालते, असा त्याचा अर्थ झाला, पण तो त्यांना दिसला नाही.

तोच धडा त्याच आठवड्यात सरदारपूरच्या संघातही वाचला गेला होता, कारण वेबसाइट सगळ्यांना सारखेच धडे वाटते. बातमी बापापर्यंत गेली आणि तो बसने देवासला माझ्या दारात आला. हाडकुळा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी काही बोलण्याआधी म्हणाला, मैडमजी, मेरे को पढ़ना नी आता, आप पढ़ के सुनाओ, पूरा. शिकवणीला आलेली सविता स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मी वाचले. मारहाणीचे वाचले, कड्यांचे वाचले, आईच्या मरणाचे वाचले, तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी लिहिले होते की रोशनी शिबिराला आली, तिने घरी जाऊन बापासाठी प्रार्थना केली आणि बापाची दारू सुटली.

तेव्हा त्याने मान वर केली. म्हणाला, मारा था, मैडमजी, मैं ना नी कहता. कड़ी भी बेची. पर दारू तो मैंने इसकी माँ को मिट्टी दी उस दिन से नी पी. तब ये लोग कहाँ थे? मेरा बुरा मेरे नाम पे लिखा, और अच्छा अपने नाम पे लिख लिया.

सविता बापाला दादा म्हणे; ती म्हणाली, दादा, मैंने ऐसा नी बोला था, मैंने तो बोला था कि माँ के जाने से छूटी. तो म्हणाला, बेटा, तेरे को नी कह रहा. यहीं रह, पढ़. पर उधर अब नी जाना. उधर म्हणजे आमच्या तरुण संघात.

मी इंदूरला समितीच्या कार्यालयात गेले. शिबिराचे श्रेय खोडा, नाहीतर सगळीच गोष्ट काढा, अशी मागणी ठेवली. उत्तर मिळाले की बाई, एवढ्या कार्यकर्त्यांना उपयोग होतोय, एका घराच्या मानापमानाचं किती धरायचं. दुसऱ्याने सुचवले की वेबसाइटवर अभिप्रायाची जागा आहे, तिथे लिहा. मी तीही पाहिली. सविताच्या आईच्या मरणाखाली पाच चांदण्या काढलेल्या होत्या आणि विचारले होते, ही कहाणी तुम्हाला किती उपयोगी वाटली. काय सांगू तुम्हाला, आयुष्यभर मुलांना गुण दिले, पण त्या चांदण्या मी कोऱ्याच सोडल्या. चकरा मारून मारून शेवटी ते पान निघाले. तोवर इतरांनी ते आपापल्या साइटवर चढवले होते, आणि त्यावर आमचा इलाज नाही असे मला फार नम्रपणे सांगण्यात आले. उतरवणे अवघड आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी चढवताना विचार करायला नको होता का?

सविता शिकली. आता धारला दवाखान्यात नर्स आहे. नाताळाला येते, माझ्या गुडघ्यांचे हाल पाहते, रागावते, सकाळच्या उपासनेला माझ्या शेजारी बसते. साक्षीची वेळ झाली की चप्पल घालून बाहेर जाते. मी तिला थांबवत नाही. देव तिचे भले करो, आणि तिच्या बापाचेही, ज्याने आपला दोष कबूल केला; तेवढे धैर्य मला त्या कार्यालयात कोणात दिसले नाही.

म्हणून मुलांनो, खेळ घ्या, गाणी घ्या, नकाशे घ्या, मीही अजून घेते. गोष्ट हवी असेल तर रचून सांगा आणि रचलेली आहे असे म्हणा. पण माझा राग खरा म्हणून माझे म्हणणे खरे धरू नका. येत्या रविवारी वाचू द्या म्हणून जी सच्ची कहानी तुम्ही घेऊन याल, तिच्यातले नाव बोटाने झाका, उरलेले वाचा, आणि तेवढ्यावरून तो माणूस तुम्हाला सापडतो की नाही, हे तुमचे तुम्हीच तपासून पाहा.