चॉकलेटच्या रांगेत शेवटचं कोण

…तर चूक माझी नव्हतीच, हे आधी सांगून ठेवतो, कारण हल्ली आमच्या सिएनफ्युगोस गावात जो भेटतो तो मलाच म्हणतो, अरे लिओस्वानी, आत चॉकलेट होतं, ती होती, आणि तू बाहेर बसून राहिलास? बसून राहिलास म्हणे! विश्वासानं बसलो होतो हो मी. रांगेत होतो. आता तुम्ही म्हणाल, रांगेत माणूस उभा असतो… उभं राहायला आम्ही काय विजेचे खांब? त्या उन्हात? आपण यायचं, मोठ्यानं विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं, ते तोंड लक्षात ठेवायचं आणि बदामाच्या झाडाखाली सावली धरायची. तो उठला की त्याच्यामागे आपण. रांग काय पायांत असते? रांग मनात असते! माझ्या आजीनं ह्याच भरवशावर आख्खा जन्म काढला, कुणी तिला फसवलं नाही. मलाच कसं फसवलं?

तर ते कोपऱ्यावरचं आइस्क्रीम-कॉफीचं दुकान. कॉफीत भाजलेले वाटाणे दळून घातलेले, त्याबद्दल तक्रार नाही, सवय आहे. आइस्क्रीम एकाच चवीचं, व्हॅनिला, आणि ते व्हॅनिला आहे हे पाटी वाचल्यावर कळतं. आणि आमच्या गल्लीतली यानेइसी, बालवाडीत शिकवते, मला तिला एक गोष्ट विचारायची होती. कसली ते तुम्हाला कळलं असेलच, तिलाही कळलं होतं, म्हणून तर दर वेळी मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "चॉकलेट येईल त्या दिवशी बोलू." आता हा नकार झाला का? मी तारीख समजलो. फक्त तारीख आली नव्हती, एवढंच. आणि मध्येच तिला लांबच्या ओल्गिन शहरात नोकरी लागली, सोमवारची गाडी, कायमची चालली… आणि शनिवारी दुपारी दुकानात चॉकलेट आलं.

पळत गेलो. एका पायात चप्पल होती की दोन्ही पायांत, आठवत नाही. विचारलं, शेवटचं कोण? झाडाखालून एवारिस्तो काकांनी हात वर केला. म्हणाले, मी, आणि माझ्यापुढे त्या हिरव्या छत्रीवाल्या बाई. चोख माणूस! पुढचंही सांगून टाकलं. यानेइसीला निरोप धाडला, ये, नंबर लावलाय, आणि बसलो. विश्वासानं.

एवढ्यात आल्या नेरेइदा मावशी. केसांना ही एवढाली कर्लरं, पायात सपाता, घामाघूम. शेवटचं कोण? मी हात वर केला. त्या माझ्यामागे बसल्या. आता ह्यात तुम्हाला काही खटकलं का? मलाही नाही खटकलं.

मग बघा, वेळ गेला… कुणी उठेना. दारावर रिगोबेर्तो उभा, आतलं टेबल मोकळं झालं की माणसं सोडायचं काम त्याचं. तो ओरडला, चला, पुढचं कोण? आम्ही सगळे एकमेकांकडं बघून हसलो. रीतसर. परत ओरडला. मी काकांना कोपरानं ढोसलं, म्हटलं काका, बघा तुमचं आलंय का. काका म्हणाले, माझं कसं येईल, बाई अजून बसल्यात. बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, माझं कसं येईल, मी त्या कर्लरवालीच्या मागे आहे, ती उठली की मी. आणि कर्लरवाली कोण? नेरेइदा मावशी. आणि त्या कुणाच्या मागे?

माझ्या!

म्हणजे झालं होतं असं की मावशी होत्या सगळ्यांत पुढे. पण घरी कुकरमध्ये काळा घेवडा लावलेला, शिट्टी आठवली, पळाल्या. परत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, उठले म्हणजे नंबर गेला, नव्यानं लावावा. प्रामाणिक बाई! ह्या प्रामाणिक माणसांनी माझा घात केला. म्हटलं, मावशी, तुम्ही पहिल्याच आहात, जा ना आत. तर म्हणतात कशा, "बाळा, मी तुझ्यामागे नंबर लावलाय, तुझ्याआधी जाऊन लोकांच्या शिव्या खाऊ?" मग मीच जातो म्हणून उठलो, तर काका म्हणाले, "पोरा, तुझ्या बापानं कधी रांग मोडली नाही." आता माझ्या बापानं काय काय मोडलं ते काकांना ठाऊक नाही, पण बसलो. विश्वासावरच बसलो म्हणा.

आणि आत पंखा चालू, टेबलं रिकामी, चॉकलेट पातळ होतंय. रिगोबेर्तो दारातून आमच्याकडं बघतोय, एखादी मिरवणूक अडकल्यावर बघतात तसा.

तेवढ्यात यानेइसी आली. निळा फ्रॉक. मी सगळं समजावलं, वाळूत गोल काढून दाखवला, ह्या मावशी, ह्या बाई, हे काका, हा मी. तिनं तो गोल नीट बघितला, बालवाडीच्या पोराचं चित्र बघावं तसा, आणि शांतपणे विचारलं, "मग शेवटचं कोण?"

आता सांगा, कुणी हात वर करायचा? गोलात शेवटचं असतं कुणी?

ती म्हणाली, शेवटचं कुणी नाही म्हणजे रांगच नाही. आणि गेली आत! सरळ! मी उठलो तिच्यामागे, तर मावशींनी सदरा धरला. म्हणे, तू गेलास तर मी कुणाच्या मागे? खरंच होतं त्यांचं. माझ्यामागे एक माणूस होतं, विश्वासानं बसलेलं… मी कसा जाणार?

आणि मग तो आला. खांद्यावर बँडमधल्या ट्रॉम्बोनची लांब पेटी, परगावचा, दात पांढरेशुभ्र. शेवटचं कोण म्हणाला. आम्ही चौघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. दोन मिनिटं वाट बघून तोही आत गेला, आणि रिगोबेर्तोनं… मित्र हो माझा, एका वर्गात होतो आम्ही… त्यानं त्याला नेऊन बसवलं कुठं, तर यानेइसीच्या समोर. रिकामी टेबलं सोडून! म्हणे, नियम आहे, आधीचं टेबल भरल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

मग आतून आवाज आला, उरलेलं वितळून गेलं, चॉकलेट संपलं. झालं, आमचा गोल सुटला, मावशी घेवड्याकडं, काका डॉमिनोच्या डावाकडं. मी एकटा आत गेलो. तिच्या टेबलाशी उभा राहिलो. ती हसत होती, तो काहीतरी सांगत होता, दोघांच्या ओठांना चॉकलेट. तिनं वर बघितलं, म्हणाली, "हं, बोल. तुला काहीतरी विचारायचं होतं ना?"

आणि तुम्हाला सांगतो, इतके महिने पाठ केलेलं सगळं गेलं, आणि तोंडातून निघालं काय तर, "शेवटचं कोण?"

त्या ट्रॉम्बोनवाल्यानं अगदी अदबीनं हात वर केला.

मग काय… लागलो त्याच्यामागे.