अर्धा किलो द्राक्षं

२००५ सालच्या फेब्रुवारीत दांडिया बाजारात औषध न मारलेल्या भाजी-फळांचं नवं दुकान निघालं होतं. तिथल्या रांगेत मैत्रेयी उभी होती आणि तिच्या पुढे एक सासू-सून.

"संयोगिता, कांदे-मटार इथले कशाला? सोलूनच तर खायचे. खंडेराव मार्केटातून घेऊ."

"हो आई, केळीही तिथूनच. इथून फक्त पालक."

"महिन्याच्या खर्चात बसेल ना?"

"बसेल. आणि अर्धा किलो द्राक्षं."

"द्राक्षं? परवा तर तूच म्हणालीस, इथे दुप्पट भाव आहे, मार्केटातलीच मिठाच्या पाण्यात धुऊन खाऊ."

"परवा खाणारी मी एकटी होते, आई. आज दोघं आहोत."

मैत्रेयीने नकळत मान वर केली. सासूबाई सुनेकडे वळल्या.

"डॉक्टरांकडे गेली होतीस?"

"सकाळीच जाऊन आले."

"रणवीरला सांगितलंस?"

"तो बाजव्याला ड्यूटीवर आहे. घरी आला की सांगेन."

सासूबाईंनी सुनेच्या हातातली जड पिशवी स्वतःकडे घेतली आणि दुकानदाराला हाक मारून द्राक्षं नीट पाहून द्यायला गुजरातीत सांगितलं,

"भाई, द्राक्ष अडधो नहीं, एक किलो आपजो. अने जरा जोई-जोईने!"