शिवलेला पट्टा

बापू : जुनी कुठे गं, अक्का? आपल्या धाकटीला जुळी झाली त्या वर्षी बनलेली आहे ती. जुळी आत्ता कुठे शाळेत जायला लागलीत.

अक्का : जुळ्यांना मधे आणू नकोस. ही बाळाची गाडीतली सीट आधी माझ्या शिलाई मशीनवरून खाली ठेव. वास मारतेय.

बापू : तूच तर धुतलीस.

अक्का : कव्हर धुतलं. चार पाण्यांतून काढलं. पण आतल्या फोममध्ये दूध मुरलंय, ते कुठे जातंय? नाक लावून बघ. आंबट, कुजकं. वर बिस्किटाचा लगदा, त्यात केसांचा गुंता. दोनदा उमासे आले मला. कसली बाई असेल रे ही? पोटच्या पोराला गाडीत बसवायचं ते या उकिरड्यात?

बापू : नोकरीवाली असेल. वेळ मिळत नसेल.

अक्का : फडकं फिरवायला कसला वेळ लागतो? नि खडीसाखर बघ. धुण्याआधी सुईनं टोकरून काढली, तुला दाखवायला डबीत ठेवलीय. शिवणीत, बकलच्या फटीत, जिकडे तिकडे. पोराच्या हातात खडीसाखरेची पिशवीच देत असणार. घाणेरडी कुठली!

बापू : फेकून दे ना ती डबी. गिऱ्हाईक येईल एवढ्यात. फोनवर बोललीय. दिवस भरत आलेत तिचे. इस्पितळातून बाळ घरी न्यायचं तर गाडीत सीट हवीच म्हणतात ते लोक.

अक्का : आणि हा ससा कशाला चिकटवलास पाठीवर?

बापू : पोरांना आवडतो.

अक्का : पोर पाठ टेकून बसणार. त्याला मागचा ससा दिसणार कसा?

बापू : आईबापांना दिसेल. अक्का, तू शिवणाचं बघ, विकायचं मी बघतो. इतकी वर्षं असंच चाललंय ना आपलं? मी कव्हरं आणतो, तू धुतेस, शिवतेस. सीटचा सांगाडा पुढे दुकानात माझ्याकडे असतो. हा पट्टा आतून निघेना म्हणून अख्खी सीट तुझ्यापुढे आली, तर केवढा तमाशा!

अक्का : पट्ट्याचंही मला कळलं नाही. उंदरानं कुरतडला म्हणालास. टोकं मात्र एका रेषेत तुटलेली. तुझा उंदीर काट्या-चमच्यानं जेवतो वाटतं.

बापू : शिवलास ना पण? कसला शिवलास! मला माहीत असून सापडत नाही.

अक्का : सापडेल कशी? चांगला चार बोटं एकावर एक घेतला. गाद्यांचा जाड दोरा, दुहेरी टीप, आणि जोड बरोबर खांद्यामागे, कव्हरखाली. आईनं शिवलेलं ठिगळ आठव. सदरा फाटायचा, ठिगळ नाही फाटायचं.

बापू : तेच म्हणतो. आपल्या घरात काही फेकलंय कधी? आईनं आपल्याला शिवून शिवूनच वाढवलं.

(पुढच्या दाराची घंटा वाजते. गिऱ्हाईक आत येते. अंगावर बस ड्रायव्हरचा गणवेश, पोटावर न लागणारी बटणं उघडी.)

ड्रायव्हर : सीटबद्दल फोन केला होता. मागच्या खोलीत या म्हणालात ना, काका?

बापू : या, या! बसा. हीच ती. बघा, ढगासारखी मऊ. आमच्या अक्कानं स्वतःच्या हातानं धुतलीय.

ड्रायव्हर : जरा उलटी करता? मला वाकता येत नाही. हं, तारीख इथे प्लास्टिकमध्येच उमटवलेली असते. फार जुनी नाही.

बापू : मी तेच सांगत होतो. खोटं बोलून मी कुठे जाणार?

ड्रायव्हर : आधी कोणाची होती?

बापू : एका डॉक्टरीणबाईंच्या नातवाची. सोन्यासारखी माणसं. नातू सुट्टीत यायचा तेवढीच वापरली.

ड्रायव्हर : त्यांच्याशी फोनवर बोलता येईल?

बापू : परदेशात गेल्या हो.

ड्रायव्हर : सीटबरोबर माहितीचं पुस्तक असतं, ते?

बापू : परदेशात... म्हणजे, हरवलं.

ड्रायव्हर : गाडीला कधी धक्का लागला होता? लहानसासुद्धा? धक्का बसलेली सीट घ्यायची नाही असं आम्हाला शिकवलंय. वरून धड दिसते, पण आतून पिचलेली असते.

बापू : अहो, छे! डॉक्टरीणबाईंची गाडी. बैलगाडीच्या वेगानं चालवायच्या. आईची शप्पथ घेऊन सांगतो.

अक्का : बापू, आईला कशाला मधे ओढतोस?

ड्रायव्हर : मावशी, मी तुम्हालाही विचारते हां, राग मानू नका. मी शाळेची बस चालवते. दुसऱ्यांच्या पोरांचे पट्टे रोज तपासते, मग स्वतःच्याचे नको? नवी सीट परवडली असती तर इथवर आलेच नसते. पाळणा, बाबागाडी, सीट, सगळं एकदम अंगावर आलंय. नवरा म्हणतो जुनी घे, काय फरक पडतो.

बापू : शहाणा आहे नवरा.

ड्रायव्हर : बकल लागतंय छान. पट्टा सरकतोय. थांबा... हा मागे जाड का लागतो हाताला?

बापू : कंपनीची शिवण आहे ती. मजबुतीसाठी.

अक्का : कंपनीची?

बापू : अक्का, तू चहाचं बघतेस का जरा?

अक्का : कंपनीची म्हणे! कंपनीचा बाप शिवेल का अशी दुहेरी टीप? माझी शिवण आहे ती, पोरी. कालच घातलीय.

ड्रायव्हर : तुमची? पट्टा शिवलाय?

अक्का : दोन तुकडे होते. उंदरानं—

ड्रायव्हर : टोकं कशी होती? चावलेली, दोरे निघालेली?

अक्का : नाही. एका झटक्यात कापलेली. तिरकी.

ड्रायव्हर : खांद्याच्या वर?

अक्का : हो, खांद्याच्या जरा वर. तुला कसं कळलं?

ड्रायव्हर : मावशी, आमच्या बसमध्ये सीटखाली एक सुरी असते. वाकड्या पात्याची. बस उलटली, बकल अडकलं, पोर लटकून राहिलं, तर खांद्याच्या वर पट्टा तिरका कापायचा आणि पोर ओढून घ्यायचं. दर वर्षी आमच्याकडून करून घेतात.

बापू : काय बोलताय काहीतरी! दिवस भरलेल्या बाईनं असलं मनात आणू नये.

ड्रायव्हर : तो ससा काढा.

बापू : फाटेल. चांगला ससा आहे.

अक्का : काढ म्हणते ना ती. सरक, मीच काढते. नखानं... हे काय आहे? पांढरी रेघ. इथून तिथपर्यंत.

ड्रायव्हर : प्लास्टिक वाकून परत सरळ झालं की अशी रेघ राहते.

अक्का : बापू, ती डबी दे.

बापू : कुठली?

अक्का : तुझ्या हाताखाली झाकलीयस ती. दे इकडे! बघ गं पोरी, ही खडीसाखर शिवणीतून निघाली.

ड्रायव्हर : चाखली नाहीत ना?

अक्का : शी! कोण चाखेल?

ड्रायव्हर : बरं झालं. ही काच आहे. गाडीच्या खिडकीची काच अशीच फुटते, दाण्यादाण्यांनी.

अक्का : काच.

बापू : हे बघ अक्का—

अक्का : मी ही बोटांनी वेचली. डबीत भरली. वर त्या बाईला शिव्या घातल्या. आणि तू समोर उभा राहून ऐकत होतास. "वेळ मिळत नसेल" म्हणालास!

बापू : मग काय म्हणणार होतो? तुला सांगितलं असतं तर तू हात लावला असतास?

अक्का : नसता लावला! म्हणून तर तू बोलला नाहीस. तुझी किळस येते मला. दूध आंबलं तर ते धुता येतं. तुला कशात बुडवू?

बापू : टाकून दिलेल्या गाड्यांच्या आवारात पडली होती, उन्हात. कव्हर धड, बकल धड. आपण घेतली नसती तर कोणीतरी घेतलीच असती. तू शिवलीस ना घट्ट? मग?

अक्का : घट्ट! सोफ्याच्या गादीचा दोरा तो. गादीवर माणूस बसतो, गादी भिंतीवर आपटत नाही. एका हिसक्यात उसवली असती माझी टीप, आणि हिचं पोर... काय नाव ठेवणार आहेस गं?

ड्रायव्हर : अजून ठरलं नाही.

अक्का : ज्याचं नावसुद्धा ठरलं नाही त्याला तू ससा चिकटवून देत होतास! अंगावर पाल पडल्यासारखं होतंय मला तुझ्याशेजारी उभं राहायला.

ड्रायव्हर : मावशी, खाली बसा. तुम्ही बोललात म्हणून कळलं. मी तर घेऊनच निघाले होते.

अक्का : चांगल्या मनानं नाही गं बोलले. माझी शिवण कंपनीची म्हणाला, ते झोंबलं मला. तो गप्प बसला असता तर मीही गप्प बसले असते.

ड्रायव्हर : असू दे. झोंबलं ते बरं झालं.

अक्का : आता काय करशील?

ड्रायव्हर : नणंदेकडे एक आहे. घेतली त्या दिवसापासून आमच्या डोळ्यांसमोरची. मागायची नव्हती, नणंद बोलून दाखवते. आता मागेन, ऐकून घेईन. नाहीतर नवी. आणि तो कोपऱ्यातला पाळणा माझ्यासाठी बाजूला ठेवा.

बापू : पाळणा चालतो, नि सीट चालत नाही?

ड्रायव्हर : पाळण्याला मागून ट्रक धडकत नाही, काका. येते मी, मावशी.

अक्का : सावकाश जा गं. पायरी उंच आहे तिथे.

बापू : ...हातचं गिऱ्हाईक घालवलंस.

अक्का : कात्री दे.

बापू : फेकून देतो ना मी. रस्त्याच्या वळणावर ठेवून येतो.

अक्का : म्हणजे तुझ्यासारखाच कोणीतरी उचलेल, त्याची बहीण धुवेल. कात्री दे. सगळे पट्टे कापते, माझी शिवण आधी. आणि तू काळा रंग आण. पाठीवर मोठ्या अक्षरात लिही, अपघातातली सीट आहे, वापरू नका. फोमसुद्धा चिरते, कोणाला मोह नको.

बापू : लिहितो. दमानं कर, हात कापशील.

अक्का : पुढच्या खोलीत अशा अजून किती आहेत?

बापू : नाहीत. देवाशप्पथ. ही एकच.

अक्का : तुझ्या शपथा ऐकल्या आज. मी स्वतः बघणार, एकेकीचं कव्हर काढून. जिची माहिती नाही ती चिरायची. नाहीतर तुझं धुणं-शिवण आजपासून बंद.

बापू : बरं.

अक्का : मूल कुठंय?

बापू : कुठलं?

अक्का : हे दूध ज्याचं सांडलं ते. ज्याला पट्टा कापून बाहेर काढलं ते.

बापू : वाचलं. आवारातला माणूस सांगत होता, ओरखडासुद्धा नाही. आजीकडे असतं आता.

अक्का : मग या सीटनं आपलं काम केलं होतं रे. चोख केलं होतं. आपण तिला पुन्हा जुंपत होतो.

बापू : हं.

अक्का : आजीकडे का? आई कुठंय त्याची?

बापू : अक्का, कशाला आता...

अक्का : सकाळपासून त्या बाईला मी घाणेरडी म्हणतेय. आई कुठंय?

बापू : गेली. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, बाळाला पाळणाघरात सोडायला जाताना. गाडी तीच चालवत होती.